भवानीचे रुपये

औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर मुक्ताबाईंनी पस्तीस वर्षे लिंबे विकली. दिवसाच्या पहिल्या विक्रीचा, म्हणजे भवानीचा रुपया हाती पडेपर्यंत त्या पाणीही पीत नसत. तो रुपया कपाळाला लावून डब्यात टाकायचा आणि कधीही मोडायचा नाही, हा त्यांचा नेम. डब्याच्या तळाशी सुरुवातीच्या वर्षांतले जुने, मोठे रुपये होते. त्यांतले चारशे त्यांनी सोमवारी भंगाराच्या दुकानदाराला, विश्वजीतला दिले. "मोठं नाणं बंद होणार हाय, मावशी," असे सांगून त्याने बदल्यात चारशे नवे रुपये दिले होते.

तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या त्यांच्या नातीला, रूपालीला, हे रात्री कळले. सकाळी ती आजीबरोबर, नव्या नाण्यांची पिशवी घेऊन दुकानात शिरली. जुन्या रुपयांची पिशवी अजून काट्यावरच होती. रूपालीने दुकानातलेच लोहचुंबक उचलले. नवे रुपये त्याला चटकन चिकटले. जुन्यांतला एकही हलला नाही.

"हे पोलाद. ते तांबं आणि निकेल. आजच्या भावानं एकेकात पाच-सहा रुपयांचा धातू आहे. ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"ठाऊक असणं म्हंजेच धंदा, ताई. नाण्यावर एक लिहिलंय, मी एक दिला. फसवलं कुठं?"

"बंद होणार, हे कुणी सांगितलं?"

"लोक म्हणत होते."

"बरं. रुपयाला रुपया. हे घ्या तुमचे चारशे, आमचे द्या."

"झालेला सौदा फिरत नसतो."

दारात फुलवाली आणि दोन हातगाडीवाले येऊन थांबले. विश्वजीतने आवाज उतरवला. "मावशी, वर दोनशे घ्या अन् पोरीला समजवा."

मुक्ताबाई पुढे झाल्या.

"रुपयाला रुपया दिला म्हणतूस ना? मग वरचे दोनशे कशाचे रं?"

विश्वजीतने दारातल्या लोकांकडे पाहिले.

"तहानेनं जीव जायचा, तरी भवानीबिगर घोट घेतला नाय मी. चारशे सकाळी हायेत त्या. तू मला मावशी म्हणून नागवलंस!"

त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी काट्यावरून ओढली. विश्वजीतचा हात पुढे आला.

"लाव हात," मुक्ताबाई म्हणाल्या. "लावून बघ."

हात मागे गेला. रूपालीने नव्या नाण्यांची पिशवी रिकाम्या काट्यावर आदळली.

मुक्ताबाई कोपऱ्यावर येऊन बसल्या आणि लिंबे मांडू लागल्या. रूपालीने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती दूर सारली.

"अजून भवानी व्हायचीय."