हवा वगळलेलं गणित

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, मोडक्या खुर्चीशेजारी धूळ खात बसलेला हा जुना संगणक म्हणजे मी. एके काळी माझा तोरा काही औरच होता.

शेजारच्या खोलीत तांब्याचं चाक भन्नाट वेगाने फिरतं. त्यावर वितळलेल्या धातूची धार सोडली, की पापणी लवायच्या आत ती थिजते आणि केसाहून पातळ चुंबकीय फीत बाहेर पडते. ट्रान्सफॉर्मरसाठी लागते ती. त्या फितीत दोष कसे पडतात, हे धातू न वितळवता गणिताने मांडून दाखवायचं, हे माझं काम. प्रयोगशाळेचे साहेब पाहुण्यांपुढे माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई.

चाक घासूनपुसून लख्ख ठेवायचं काम काकांचं. एकदा साहेबांनी चाकाचा वेग वाढवला आणि फितीच्या खालच्या अंगाला बारीक खळगे पडू लागले.

"काका, चाक नीट घासत नाही तुम्ही," साहेब म्हणाले.

"आरशासारखं घासलंय, साहेब. चाक फार पळतंय, त्याचंच काहीतरी असेल."

"अंदाज नकोत. संगणकाला विचारू."

गणित मांडायच्या ताई. साहेबांना उत्तर दोन दिवसांत हवं होतं. चाकाबरोबर ओढली जाणारी हवा हिशेबात धरली, तर आठवडा लागला असता. म्हणून ताईंनी ती वगळली. मग उरला फक्त चाकाचा खडबडीतपणा. मी इमानेइतबारे सांगितलं, की चाक गुळगुळीत असेल तर खळगे पडत नाहीत. माझ्या उत्तराच्या त्या छापील कागदाच्या जोरावर साहेबांनी काकांना गोदामात बसवलं. बावीस वर्षं चाकावर फिरलेला हात खोकी मोजू लागला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

नव्या माणसाने चाक घासलं, तरी खळगे जैसे थे. तेव्हा ताईंनी हवा धरून गणित पुन्हा लावलं. सात दिवस मी तापलो, घरघरलो. आठव्या दिवशी पडद्यावर धातूखाली अडकलेली हवा दिसली, आणि तिने पाडलेले नेमके तेच खळगे. ताई धावत जाऊन काकांना घेऊन आल्या.

"काका, चूक माझी होती. मी हवा धरलीच नव्हती."

काकांनी पडद्यावरच्या एका खळग्यावर बोट ठेवलं. "असू दे, पोरी," ते म्हणाले.

वेग कमी झाला, फीत स्वच्छ निघू लागली, काका चाकाशी परतले. पुढे माझ्याहून चपळ यंत्र आलं आणि मी अडगळीत गेलो. पण इथून दारातून मला सगळं दिसतं. काकांचं आता एकदा पुसून भागत नाही. पुसतात, बोट फिरवतात, पुन्हा पुसतात.

"झालं की काका, लख्ख आहे," ताई म्हणतात.

"नक्की ना? बघ बरं नीट."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण माझ्यासारख्याचं उत्तर दाखवून कुणाला दोषी ठरवण्याआधी, त्या उत्तरातून काय वगळलंय ते विचारा. मला उत्तर पुन्हा काढता आलं. काकांचा बिचकलेला हात मात्र अजून स्थिरावलेला नाही.