वरून दिसणारा लेक

लिंगाप्पानं बायकोच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि उशाखाली सरकवला.

"पायाचं काई सांगायचं न्हाई त्येला."

"कामून? पाच दिस झाले पलस्तर घालून. लेकाला कळू नये का?" पद्माबाई चिडली.

"त्येला दिसतंय की."

गेल्या दिवाळीला सुनीलकुमार पुण्याहून कमठाण्याला आला, तो ऑफिसचा लॅपटॉप घेऊनच. उपग्रहानं आभाळातून टिपलेलं गाव त्यानं दाखवलं. तळं, देवळाचं शिखर, आणि चक्क आपलं पत्र्याचं छप्पर! "तिथं बसून रोज बघतो अप्पा, काळजी करू नका," असं सांगून पोरगा गेला तो गेलाच. दर रविवारी फोन तेवढा यायचा.

तेव्हापासून लिंगाप्पा रोज सकाळी पटका बांधून अंगणात उभा राहू लागला. गावानं थट्टा केली. करू दे. सारी हयात मेंढरांमागं काढलेल्या माणसाला यात नवल कसलं? माळाच्या उंचवट्यावर बसून त्यानं दोनशे मेंढरांतलं लंगडणारं एक अचूक हेरलं होतं. हेरलं की खाली उतरायचं, त्याला खांद्यावर घ्यायचं. उंचावरून बघणाऱ्याचं कामच ते. विहिरीच्या पायरीवरून घसरून पाय मोडला आणि अंगण रिकामं पडलं. पोराला कळणारच, तो धावत येणारच. सांगून आणलेल्या मायेला काय चव, असं त्याचं म्हणणं.

उशाखाली फोन वाजला. रविवारच होता.

"कसे हाव अप्पा?"

"तूच सांग की. बघतूस न्हवं?"

"बघतो की. आज सकाळीच बघितलं. अंगणात उभे होता तुमी, पटका बांधून. तब्येत बेस दिसायलीय." आणि लगोलग पुढं, "उगादीला यायला जमंल असं वाटत न्हाई अप्पा. सुट्टीच न्हाई. पन रोज बघायलोच की."

लिंगाप्पानं बाजेवरून दाराबाहेर पाहिलं. अंगणात एक कोंबडी उकरत होती. घशाशी आलेली शिवी त्यानं गिळली. राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. लेकाची का स्वतःची, तेच कळेना.

"व्हय," तो म्हणाला. "उभाच होतो."

फोन ठेवताच पद्माबाई बाजेपाशी आली.

"काय म्हनला? दिसलं का त्येला?"

"दिसलं." लिंगाप्पानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "लई कळवळला पोरगा. म्हनला, अप्पा, पायावर भार देऊ नका."