सदतीस अंशांचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना वॉटर बाथ आहे. नाव भारदस्त असले, तरी मी म्हणजे स्टीलची चौकोनी टाकी, तळाशी हीटर, कडेला तापमान ओळखणारी कांडी आणि समोर लाल आकड्यांची पट्टी. पाणी सदतीस अंशांवर, शरीराइतके कोमट ठेवायचे, एवढेच माझे काम. माझ्यात काचनळ्या उभ्या करतात आणि नळ्यांतल्या पेशींना उबेत ठेवतात.

प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या ओट्यावर मी अठरा वर्षे काढली. तिथले मदतनीस आप्पा मला रोज सकाळी पुसत. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणत, "हा आमचा सर्वांत गुणी विद्यार्थी. कधी उशीर नाही, कधी सुट्टी नाही."

मग ताई आल्या. संशोधन करणाऱ्या, लवकरच साऱ्या खोलीच्या ताई झालेल्या. त्यांचा विषय नाजूक होता. नराच्या शरीरात शुक्रपेशी तयार होतात आणि काही पेशी दाईसारख्या त्यांना वाढवतात. या दाईपेशी एटीपी नावाचा रेणू बाहेर सोडतात. पेशीच्या आत एटीपी म्हणजे शक्ती. बाहेर तो निरोप होतो. पण पोचलेला निरोप पुसलाही पाहिजे, नाहीतर शेजारच्या पेशींचा गोंधळ उडतो. म्हणून पेशीच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, विकरे म्हणजे एन्झाइम्स बसलेली असतात. एटीपीला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. विकरे ती एकेक तुकडा करून छाटतात. शेवटी ॲडिनोसिन उरते आणि ते आपला वेगळाच निरोप सांगते. सुटलेले तुकडे मोजायला ताई नळीत एक द्रव घालत. तुकडे जितके जास्त, तितका हिरवा रंग गडद.

त्याच वर्षी शुद्ध पाण्याचे यंत्र बंद पडले. घाईत कोणीतरी माझ्यात नळाचे पाणी ओतले आणि पुढे तीच सवय पडली. क्षारांचा पांढरा थर माझ्या कांडीवर चढत गेला. मला पाण्याची ऊब नीट कळेना. पट्टीवर सदतीस दिसत राहिले आणि मी मात्र तापत राहिलो. मी खोटे बोलत होतो, मित्रांनो, आणि ते मला ठाऊकही नव्हते.

नळ्या हिरव्यागार होऊ लागल्या. सर खूश झाले, शोधनिबंध लिहून छापायला पाठवलाही गेला. फक्त आप्पा कुरकुरत. बाळाच्या अंघोळीचे पाणी बघतात तसे कोपर बुडवून ते म्हणत, पाणी जरा जास्तच गरम लागतंय. समोर आकडा असताना कोपराचे कोण ऐकणार?

एका दुपारी ताईंनी ऐकले. कपाटातला तापमापक त्यांनी माझ्यात धरला. एक्केचाळीस. दुसरा आणला. एक्केचाळीसच. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला. जास्त उष्णतेने विकरांचा वेग वाढला होताच, शिवाय काही पेशी फुटून त्यांच्या पोटातली विकरे बाहेर सांडली होती. आतल्यांचे काम बाहेरच्यांच्या नावावर गेले होते. वर्ष वाया गेले होते आणि शिष्यवृत्तीचे चारच महिने उरले होते.

ताईंनी सरांना बोलावून सगळे सांगितले. सरांनी तापमापक हातात घेऊन आकडा पाहिला. मग म्हणाले, निबंध छापायला गेलाय, चार अंश मोजायला कोण येणार आहे?

"मी मोजलेत, सर," ताई म्हणाल्या.

सर निघून गेले. त्या संध्याकाळी आप्पांनी माझी कांडी व्हिनेगरने घासली. घासता घासता स्वतःशीच पुटपुटले, "मीच जरा जोरात बोलायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सर आले ते पत्र घेऊनच. निबंध मागे घेत असल्याचे त्यात लिहिले होते आणि 'चूक प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून माझी' असेही.

"वाचून सही करा," ते म्हणाले. "आणि नळ्या लावायला घ्या."

चार महिने ताईंनी पुन्हा पहिल्यापासून काम केले. या खेपेस हिरवा रंग फिका आला. पण शेपटी एकेक तुकड्याने तुटताना दर वेळी दिसली. शेवटच्या आठवड्यात काम पुरे झाले. नव्या निबंधात आभार मानताना ताईंनी पहिले नाव आप्पांचे घातले. ते पान आप्पांनी चष्मा पुसून दोनदा वाचले.

आता ओट्यावर नवे यंत्र आहे. मी कोपऱ्यात गोठलेल्या बाटल्या वितळवतो. त्याचे मला दुःख नाही. पण एक सांगतो, मित्रांनो. यंत्र लबाड नसते. ते आजारी पडते आणि त्याला कण्हता येत नाही. आमच्याकडून काम जरूर घ्या, पण अधूनमधून आमची तब्येतही विचारत जा.