धुरपदाबाईंच्या बांधावरची सातेरी

देडतलाईच्या अलीकडे नाल्याच्या काठाला धुरपदाबाईंची आठ एकर जमीन. केळी आणि कापूस त्यांचा मुलगा निरंजन बघायचा. विहिरीजवळचा अर्धा एकर मात्र बाईंचा स्वतःचा. त्यात त्या कांद्याचं बी धरायच्या, आणि त्या बियाला आसपासच्या गावांत मान होता. धूलकोटची माणसंसुद्धा रोप टाकायच्या आधी त्यांच्याकडे निरोप धाडायची.

पण सलग दोन वर्षं काहीतरी बिनसलं. डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, कमरेइतके वाढले, पांढऱ्या गोंड्यांनी वावर भरून गेलं, आणि वाळलेले गोंडे चोळले तर हातात नुसता भुसा. निरंजनने दुकानातून टॉनिक आणून मारलं. सून मोनालीने मोबाईलवर बघून हाताला मलमलचं फडकं गुंडाळलं आणि पराग पसरावा म्हणून सकाळभर एका गोंड्यावरून दुसऱ्यावर हात फिरवला. तीन सऱ्या झाल्या तशी ती कंबर धरून बांधावर बसली आणि सासूकडे बघून हसायला लागली. म्हणाली, "आई, हे काम माशीचं आहे. माणसाच्याने नाही व्हायचं."

ते वाक्य बाईंच्या डोक्यात राहिलं. पौषात देडतलाईच्या बाजारात त्या गोटूदादाकडे गेल्या. गोटूदादा वरच्या डोंगरातल्या सालईढाण्याचा कोरकू, सत्तरीला आलेला, एका गुडघ्याने लंगडणारा. मध विकायला बसायचा. बाई कित्येक वर्षं त्याच्याकडून मध घेत होत्या, पण मधाखेरीज दुसरं काही कधी बोललेल्या नव्हत्या. आज त्यांनी शेजारी बसून सगळी हकिगत सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की बांधावर झाडं किती आहेत.

बाईंनी आठवून बघितलं. विहिरीवरचं जांभूळ सोडलं तर एकही नव्हतं. पळस, करंज, बोर, सगळं केळीला सावली पडते म्हणून ट्रॅक्टर लावून काढलं होतं.

गोटूदादा म्हणाला, "मग माशी राहील कुठं, बाई? तुमचा कांदा फुलतो महिनाभर. तिला बाराही महिने खायला लागतं."

त्याने त्यांना आपल्या ढाण्यावर, म्हणजे पाड्यावर, बोलावलं. चार दिवसांनी बाई मोनालीला घेऊन चढून गेल्या. गोटूदादाने त्यांना एका जुन्या सालईपाशी नेलं. झाडाच्या पोटात ढोली होती, तिच्या तोंडाला चपटा दगड बसवून कडा शेणमातीने लिंपलेल्या. खाली बोटाएवढं भोक, त्यातून लहान काळसर माशा ये-जा करत होत्या. ही सातेरी, त्याने सांगितलं. अंधाऱ्या पोकळीत एकामागे एक पोळी लावणारी. ही ढोली त्याच्या आजाची, मग बापाची, आता त्याची. ढोली असलेल्या झाडाला ढाण्यात कोणी कुऱ्हाड लावत नाही. त्याने थोडा धूर देऊन दगड सरकवला. आत सात पोळी टांगलेली होती. त्याने फक्त कडेचं एक कापलं. पिल्लांच्या पोळ्यांना हात लावला नाही, आणि बाकीचा मध तसाच ठेवून दगड परत लिंपला.

एवढा मध समोर असताना एकच का, मोनालीने विचारलं. तो म्हणाला की अजून पळस फुलायचा आहे, तोवर त्या काय खातील. उन्हाळ्यात मोह झडला की तो दुसरं काढणार होता, आणि पावसाळ्यात तर ढोलीकडे फिरकायचंसुद्धा नाही. मोनालीने ते सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. त्याच्या घरी दोघींनी कुटकीचा भात आणि उडदाची डाळ खाल्ली. उतरताना धुरपदाबाईंना वाटत होतं, की इतकी वर्षं हा माणूस आपल्यापासून दोन कोसांवर होता आणि आपण त्याला फक्त मधाचा भाव विचारत आलो.

आठवड्याने गोटूदादा खाली आला. वादळात पडलेल्या सालईचं पोकळ खोड त्याने बैलगाडीतून आणलं होतं. आतून जुनं मेण चोळलं, दोन्ही तोंडं फळीने बंद करून लिंपली, एका फळीला बोटभर भोक ठेवलं. जांभळाखाली चार दगडांवर खोड ठेवलं, तोंड उगवतीला. मग निरंजनला बोलावून त्याने सांगितलं, की कांदा फुलात असेपर्यंत सकाळचा फवारा बंद. मारायचाच तर दिवस मावळताना, आणि फुलावर कधीच नाही.

निरंजनला ते पटलं नाही. केळीवर मावा पडला की व्हायरस सगळा बाग खातो, हे त्याने दोन वर्षांपूर्वी बघितलं होतं. तो आईला म्हणाला, "आई, एका लाकडासाठी मी बाग सोडू का? ये नहीं चलेगा."

बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाग सोडू नको. वेळ बदल."

तो केळीकडे निघून गेला.

मग माशा आपणहून येण्याची वाट बघणं सुरू झालं. बाई रोज जेवणं उरकली की जांभळाखाली जाऊन बसायच्या. मुंग्या चढायला लागल्या तेव्हा त्यांनी दगडांभोवती पाण्याचा पाट खणला. कोळ्याने भोकावर जाळं विणलं ते काडीने काढलं. पौष संपला, माघ अर्धा गेला, गोंडे उमलायला लागले. एके दिवशी पाच-सहा माशा भोकापाशी घुटमळल्या, आत गेल्या, बाहेर आल्या. बाईंनी गोटूदादाला फोन लावला. तो खूश झाला. म्हणाला, घर बघायला आल्यात, त्यांच्या मागे लागू नका, नुसतं बसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता नाल्याकडून आवाज आला. बाईंना आधी वाटलं पंप सुरू झाला. वर बघितलं तर माशांचा एक काळा ढग हेलकावे खात येत होता. तो विहिरीवरून फिरला आणि केळीच्या दिशेने वळला. केळीत निरंजन पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन फवारत होता. दुपारच्या वेळी, सांगूनही.

बाई ताडकन उठल्या. पण निरंजनच्या डोक्यावरून तो ढग गेला, त्याने वर बघितलं आणि त्याचा हात आपोआप बटनावर गेला. पंप थांबला. पाठीवर टाकी तशीच ठेवून तो हळूहळू माशांच्या मागून चालत आला, जसा कोणी देवाच्या पालखीमागून चालतो. ढग जांभळाला एक फेरी घालून खाली उतरला, खोडाच्या फळीवर पसरला, आणि भोकातून आत ओसरू लागला. दहा-पंधरा मिनिटं मायलेक शेजारी उभे राहून बघत होते. शेवटची माशी आत गेल्यावर निरंजन म्हणाला, "राणी पण गेली का आत?"

"मला काय माहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून फवारा मावळतीला गेला. सकाळी ऊन चढलं की वावर गुणगुणायला लागायचं. चैत्रात गोंडे काढले तेव्हा मोनालीने एक गोंडा तळहातावर चोळून फुंकर मारली आणि काळ्या टपोऱ्या दाण्यांनी भरलेली ओंजळ सासूपुढे धरली. पहिलं मापटं बाईंनी गोटूदादाकडे पाठवलं. त्या वर्षी त्यांनी मध काढला नाही. पावसाळ्यात निरंजनने स्वतः बांधावर करंज आणि पळस लावले.

पुढच्या माघात, गोटूदादा भेटायला आलेला असताना, खोडाच्या तोंडाशी माशांचा मोठा घोस लोंबू लागला. तो म्हणाला की घर भरलं, आता अर्ध्या जातील. थोड्याच वेळात घोस सुटला, हवेत गोल फिरला आणि नाल्यापलीकडे डोंगराकडे निघाला. बाईंना चुकल्यासारखं झालं. त्यांनी विचारलं, थांबवता नाही का येणार.

"कशाला?" गोटूदादा म्हणाला. "कुठं राहतात ते तर बघू."

आणि तो लंगडत लंगडत पळायला लागला. धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि त्याच्या मागे निघाल्या. मोनाली ओरडून विचारत होती कुठं चाललात, पण उत्तर द्यायला कोणाला दम नव्हता. नाला उतरताना बाईंची एक चप्पल चिखलात राहिली. त्या मागे वळल्या नाहीत. वर पळस लाल पेटलेला होता, माशा त्याच्या शेंड्यावरून जात होत्या, आणि साठीच्या धुरपदाबाई मोठमोठ्याने हसत चढ चढत होत्या.