टेनिस हॉलमधले लाल डाग

गिरीशचा स्वभावच संशयी. दूध नासलं तरी तो आधी फ्रिजकडे आणि मग बायकोकडे बघायचा. मिनेसोटातल्या हार्लन इस्टेटीवरच्या शंभर वर्षं जुन्या टेनिस हॉलचं काम मिळालं आणि या स्वभावाला मोकळं रान मिळालं. वर काचेचं छप्पर, खाली मेपलची जमीन. कुण्या धनिकाने बर्फातही खेळता यावं म्हणून बांधलेला हॉल. त्यातली एकही फळी न बदलता सगळ्या दुरुस्त करायच्या होत्या.

पहिल्या दिवसापासून संशय वॉल्टरवर. सत्तरीचा हा रखवालदार तीस वर्षं फाटकाशेजारच्या कॉटेजमध्ये राहत होता. हॉल पूर्ण झाला की लग्नांना भाड्याने जाणार आणि वॉल्टरला नारळ मिळणार, अशी कुजबुज होती. म्हणजे काम रखडलं तर फायदा याचाच, हे गिरीशने मनात पक्कं करून टाकलं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत जन्मभर सुतारकाम केलेले त्याचे वडील, मोहनराव, सहा महिन्यांसाठी आले होते. घरी जीव रमेना म्हणून तेही हॉलवर यायचे. "बाबा, कशालाही हात लावू नका," हे गिरीश रोज बजावायचा.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो मीटिंगहून परतला, तर वॉल्टर गुडघ्यांवर बसून जमीन घासत होता. गिरीशला बघताच त्याने फडका बादलीत कोंबला. नुकताच रंधा मारलेल्या फळीवर लालभडक डाग होते.

"माझ्या हातून काहीतरी सांडलं," वॉल्टर म्हणाला. काय, ते सांगेना. बाबा बाहेर बाकावर बसले होते.

गिरीशला एवढं पुरे होतं. त्याने फोटोसकट इस्टेटीच्या बोर्डाला तक्रारीचा ईमेल केला. आठवड्याभरात वॉल्टरला कॉटेज रिकामं करायची नोटीस आली. गिरीशला त्या रात्री मस्त झोप लागली, हे सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने ऐटीत फोटो दाखवला. अबोलीने, त्याच्या बायकोने, नुसती नजर टाकली.

"गिरीश, ही हळद आहे. साबण लागला की लाल होते. ओट्यावर रोज बघतोस ना?"

मोहनरावांचा घास हातातच राहिला.

"त्या दिवशी खंडेनवमी होती रे. तुझ्या रंध्याला, पटाशीला हळदकुंकू वाहिलं. हळदीची वाटी कलंडली. तू चिडशील म्हणून घाबरलो. वॉल्टरने खुणेने मला बाहेर बसवलं आणि स्वतः साबणाने पुसायला लागला."

गिरीशने लगेच आतल्या खोलीत जाऊन बोर्डाच्या बाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पण वॉल्टरने स्वतः कबूल केलंय. आणि नवा माणूस नेमलाय आम्ही." त्या पुढे काही ऐकेनात. गिरीशला आपलीच शिसारी आली.

सकाळी बापलेक कॉटेजवर गेले. वॉल्टर खोकी भरत होता. मोहनरावांना बघून तो हसला आणि गिरीशला म्हणाला, "तुझ्या वडिलांना सांग, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. तुझी नोकरी जाईल म्हणून असेल, ते फार घाबरले होते."

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं. "याला काढलं का? कुणी सांगितलं त्यांना?"

गिरीशने सांगून टाकलं. "मी, बाबा. तक्रार मी केली."

मोहनरावांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते वाकले आणि वॉल्टरच्या खोक्याची दुसरी बाजू त्यांनी उचलली.