त्रेचाळीसवरची मेथी

परभणी जिल्ह्यात ऐन वैशाखात कुणी ऊन विकत घेतलं असं सांगितलं, तर ऐकणारा सांगणाऱ्याच्याच डोक्याला ऊन लागलं म्हणून कांदा आणायला धावेल. झरीच्या पंचफुलाबाईंनी मात्र ते घेतलं. डब्यात बंद केलेलं, वायर लावलेलं, आणि त्यांच्या इहिणीच्या उन्हापेक्षा दोन ताटं जास्तीचं.

सुरुवात व्हिडिओ कॉलवर झाली. पुण्याहून सिद्धोधन बोलत होता. जेवता जेवता बोलायची त्याची सवय. त्यानं मेथीचा घास मोबाईलच्या इतका जवळ आणला की इकडे झरीत त्याच्या आईनं नकळत तोंड उघडलं.

"बघ आई, कसली हिरवीगार हाय. वाळलेली हाय म्हणून कुणाला खरं वाटंल का?"

पंचफुलाबाईंचा ऊर भरून आला. मागच्याच खेपेला त्यांनी पिशवीभर मेथी पाठवली होती. "मग! उन्हात उभं राहून वाळवली बाबा. पाय भाजलेत माझे."

"तुझी न्हाई, आई. सासूबाईंनी पाठवली. मशीन घेतलंय त्यांनी वाळवायचं."

भरून आलेला ऊर तसाच अडकून राहिला.

"माझी सरली का?"

"तुझी हाय की."

तुझी हाय की. या तीन शब्दांनी पंचफुलाबाईंची झोप उडवली. सरलेली वस्तू आवडलेली असते. असलेली वस्तू नुसती असते; बरणीच्या तळाशी, काळपट, पाठीमागच्या फळीवर.

आता कस्तुराबाईंबद्दल. सून संघप्रियाची आई, म्हणजे पंचफुलाबाईंची इहीण, सोनपेठची, शाळेतून निवृत्त झालेली. बाई वाईट नव्हती, आणि पंचफुलाबाईंची मुख्य तक्रार तीच होती. वाईट असती तर तिला नावं ठेवणं सोपं गेलं असतं. ती गोड बोलायची, शुद्ध बोलायची, लग्नात पंचफुलाबाईंनी घेतलेल्या पातळाचं तिनं चारचौघांत कौतुक केलं होतं आणि मग तिनं स्वतः नेसलेलं पातळ सगळ्यांना दिसलं होतं. तरी एका बाबतीत पंचफुलाबाई निर्धास्त होत्या. कुरडया, सांडगे, गवार, मेथी, वाळकाच्या काचऱ्या, सगळं सिद्धोधनला आईच्याच हातचं लागायचं. मास्तरीणबाईला खडू धरता येईल, वाळवण कुठं येणार? आणि आता तेच खातं मास्तरीणबाईंनी एका बटणावर ताब्यात घेतलं होतं.

"अवो, आपल्यालाबी मशीन घ्यायचं," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

किशनराव येलदरीच्या धरणावर कारकुनी करून घरी बसले होते. धरणावर असताना पाण्याची पातळी बघायची सवय लागलेली. आता पाणी नव्हतं म्हणून रोज दुपारी मोबाईलवर तापमान बघून मोठ्यानं जाहीर करायचे. त्यांनी मोबाईल बघितला. "आज त्रेचाळीस हाय," ते म्हणाले. "गच्चीवर फुकट मिळायलंय."

"फुकटचं सगळ्यांकडंच हाय."

परभणीच्या दुकानात मुंजाजी नावाच्या माणसानं दोन मशिनी मांडल्या आणि पाठ असलेलं सुरू केलं. एकाचा पंखा खाली, त्यामुळं खालचं ताट आधी वाळतं आणि वरचं मागं राहतं, ताटं मधून मधून अदलाबदल करावी लागतात. दुसऱ्याचा पंखा पाठीमागं, सगळ्या ताटांना सारखी हवा. ह्याची जाळी प्लास्टिकची, त्याची स्टीलची. पालेभाजीला कमी गरम ठेवायचं, टमाट्याला जास्त.

"घरी माणसं किती, मावशी? काय काय वाळवणार?"

"त्ये सोडा. असलंच एक सोनपेठला हाय." पंचफुलाबाईंनी मोबाईल पुढं केला. सुनेकडून सहज म्हणून मागवलेला इहिणीच्या मशीनचा फोटो होता. तो बोटांनी मोठा करून त्यांनी ताटं आधीच मोजली होती. "ह्याच्याहून मोठं दावा."

मुंजाजीनं पाठ केलेलं तिथंच थांबवलं. कूलर असो का मिक्सर, गिऱ्हाईकाला काय पाहिजे हे विचारण्यात वेळ जातो आणि समोरच्या घरात काय हाय ते कळलं की बिल करता येतं, हे त्याला आजवरच्या धंद्यानं शिकवलेलं होतं. त्यानं मागचं मोठं खोकं काढलं. "ह्यो घ्या. दोन ताटं जास्ती."

"लय मोठं हाय," किशनराव म्हणाले. "आपण दोघंच हाव."

"तिकडंबी दोघंच हाईत," पंचफुलाबाई म्हणाल्या. विषय संपला.

घरी आल्यावर किशनरावांनी चष्मा लावून सोबतचं पुस्तक वाचायला घेतलं. "काप सारख्या जाडीचे करा. ताटात गर्दी करू नका. वाळलेलं गार झाल्याशिवाय भरू नका. हवेची वाट—"

"मला वाळवण शिकवायलाव का?"

किशनरावांनी पुस्तक मिटलं. पहिल्या दिवशी टमाटे झाले. काही काप पातळ, काही बोटाएवढे, आणि मोठं मशीन आणलं तर भरून चालवावं म्हणून एकावर एक. पातळ काप वाळून पतंगाच्या कागदासारखे उडायला लागले, जाड काप मधून तसेच रसाळ राहिले. ते सगळं त्यांनी गरम गरमच बरणीत दाबून झाकण लावलं. बरणीला आतून घाम फुटला आणि थोड्याच दिवसांत टमाट्यांना पांढऱ्या मिशा आल्या.

"मशीन खोटं दिलं मुंजाजीनं."

"गार करून—"

"सोनपेठला कसं येतंय मग?"

यावर किशनरावांकडे जे उत्तर होतं ते लग्न टिकवणाऱ्या माणसाला देता येण्यासारखं नव्हतं.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली. सिद्धोधन आणि संघप्रिया गावी येणार होते. कस्तुराबाई झरीलाच येणार होत्या, आणि लेकीसोबत पुण्याला द्यायची पिशवी घेऊन येणार होत्या. दोन पिशव्या एका ओसरीवर शेजारी शेजारी ठेवल्या जाणार, हे पंचफुलाबाईंना डोळ्यांपुढं दिसायला लागलं. मेथी झालीच पाहिजे होती. तीही हिरवी.

विचार करताना त्यांना चूक सापडली. जन्मभर वाळवण केलं ते गच्चीवर, आणि हे मशीन ठेवलं कुठं, तर सैपाकघरात, फ्रिजला चिकटून! सावलीत कधी वाळवण होतं का? वरचं ऊन आणि आतलं ऊन, दोन्ही मिळून दुप्पट काम होईल. लांब वायर जोडून मशीन वर गेलं. मेथी निवडून, धुऊन, कोरडी करून ताटांत पसरली. बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं. एवढ्यात पाण्याच्या टाकीवर कावळा बसला.

वाळवण उघडं ठेवून खाली जाणारी बाई पंचफुलाबाईंनी अजून पाहिली नव्हती. त्यांनी धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं आणलं, दुहेरी केलं, मशीनला चारी बाजूंनी पांघरलं, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि समाधानानं खाली उतरल्या.

दुपारी किशनराव वर गेले तेव्हा मशीन गप्प होतं. हात लावला तर चटका बसला. जळका वास येत होता.

"पुस्तकात तेच लिवलं व्हतं," ते जिन्यातूनच म्हणाले. "हवेची वाट मोकळी ठेवा."

"कावळ्यानं घाण केली असती मग? त्ये लिवलंय का पुस्तकात?"

त्या दिवशी पंचफुलाबाई जेवल्या नाहीत. किशनरावांना आतला अजून ओला पाला टाकवेना. त्यांनी जाळीची ताटं काढून टाकीच्या सावलीत बाजेवर मांडली, वरून तेच लुगडं एकपदरी टाकलं, आणि बायकोला काही बोलले नाहीत. वैशाखाचा वारा खालून जाळीतून आणि वरून लुगड्यातून आपलं काम करत राहिला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पंचफुलाबाई रिकामी ताटं धुवायला वर गेल्या, लुगडं उचललं, आणि तशाच उभ्या राहिल्या.

मेथी कुरकुरीत वाळली होती. हिरवी होती. इहिणीच्या घासापेक्षा हिरवी.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर झाली, आणि ओसरीवर दोन पिशव्या आल्या. कस्तुराबाईंनी पंचफुलाबाईंची पिशवी उघडून चिमूटभर मेथी तळहातावर घेतली, चुरली, वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. पण कौतुक पोचायला जरा उशीर झाला, आणि तो उशीर पंचफुलाबाईंनी जपून ठेवला.

"छान झालीये हो. मशीन घेतलं म्हणे तुम्ही? किती डिग्रीवर ठेवता?"

पंचफुलाबाईंना मशीनवरचे आकडे काही केल्या आठवेनात. डोक्यात रोज दुपारी ऐकू येणारा एकच आकडा होता.

"त्रेचाळीस," त्या म्हणाल्या.

किशनरावांना खिरीचा ठसका लागला.

"आम्ही पंचावन्नवर ठेवतो," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या.

"तरीच," पंचफुलाबाई म्हणाल्या. आयुष्यात एवढा गोड शब्द त्यांच्या तोंडून गेला नव्हता.

मुलं पुण्याला गेली. पंचफुलाबाईंनी दोन दिवस कसेबसे काढले आणि मग फोन लावला. संघप्रियानं उचलला.

"मेथी केली का गं?"

"केली की, आत्या. दोघींचीबी लय भारी हाय."

"दोघींची? येगयेगळी केली का?"

"कुटं! जागा कुटंय इथं दोन बरण्या ठेवायला? एकातच टाकली सगळी."

पंचफुलाबाईंनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"वर कुणाची हाय?"

"हलवून ठेवली, आत्या," संघप्रिया म्हणाली. पोरगी हुशार होती. आईवर गेली होती.

फोन ठेवल्यावर पंचफुलाबाई ओसरीवर बसून राहिल्या. म्हणजे आता लेक घास घेणार, वा म्हणणार, आणि तो वा कुणाचा ते त्याचं त्यालाही कळणार नव्हतं. अर्धा सोनपेठला जाणार. दरवेळी. सोनपेठहून पिशवी येत राहील तोवर.

"मुंजाजी म्हणायलाय, काय मोठं झालं न्हाई," किशनराव म्हणाले. "उद्या मशीन नेऊन देतो, दुरुस्त व्हतंय."

"राहू द्या. हाय तसंच बरं हाय."

आणि मग एका दुपारी सोनपेठचा फोन आला.

"इहीणबाई, अहो, तुमचं ऐकून त्रेचाळीसवर ठेवलं मी," कस्तुराबाई सांगत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यातली शाळा आज पार सुटली होती. "नेहमीच्या वेळेला काढली तर ओलीच! वास यायलाय तिला. तुमची कशी हो येती एवढी हिरवी? काय करायलाव तुमी?"

किशनरावांनी मोबाईलवरून मान वर केली. बायकोच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि 'नको' अशी मान हलवली.

पंचफुलाबाईंनी पदर सावरला. यात खोटं एक अक्षर बोलावं लागणार नव्हतं.

"मशीन कुटं ठेवताव, इहीणबाई?"

"सैपाकघरात."

"गच्चीवर न्या," पंचफुलाबाई मायेनं म्हणाल्या. "आन् वरून लुगडं झाकताव का न्हाई?"

"न्हाई बाई."

"मग कशी येईल हिरवी? सुती घ्या. दुहेरी करून."