आधी ओंडका की आधी नकाशा

मी ओंडका बोलतोय. कुणी दिवसभर लोळत राहिलं की तुम्ही म्हणता, "बघा, ओंडक्यासारखा पडलाय." म्हणा बापडे. पण अर्धा महासागर पोहून आलेल्याला ते ऐकून काय वाटत असेल, याचा कधी विचार केलाय?

माझा जन्म कॅनडातला, जात पाइनची. नदीकाठी सव्वाशे वर्षं मी ताठ उभा होतो आणि त्याचा मला गर्वही होता. मग एका हिवाळ्यात कुऱ्हाडवाले आले, त्यांनी मला आडवं केलं, फांद्या छाटल्या आणि भावंडांबरोबर दोरांनी बांधून नदीत सोडलं. गिरणीत जाऊन आमच्या फळ्या व्हायच्या होत्या. नदीच्या मुखाशी दोर तुटला. भावंडं शहाणी, ती काठाला लागली. मी समुद्रात गेलो.

दोन वर्षं नुसतं पाणी. शिंपल्यांनी माझ्या अंगावर बिऱ्हाडं थाटली. एक लठ्ठ सील रोज माझ्यावर चढून झोपायचा आणि घोरायचा. त्याला कूस बदलायची सवय होती, त्यामुळे दर वेळी मीही उलटा व्हायचो. शेवटी एका वादळानं मला स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंडच्या एका बेटावर, स्कारविक गावच्या वाळूत आणून आपटलं.

पहिल्यांदा वाटलं, आपण मेलो, कारण चहूकडे एकही झाड दिसेना. नंतर कळलं की इथे झाडंच नाहीत. वारा त्यांना उभंच राहू देत नाही. घरं दगडाची, जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या वड्या, आणि लाकूड म्हणाल तर समुद्र देईल तेवढंच. म्हणून वादळ ओसरलं की जो तो किनाऱ्यावर चक्कर मारतो. कॅनडात माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. इथे एकदम माझा भाव वधारला.

इथला नियम सरळ आहे. लाकूड दिसलं की ते भरतीच्या रेषेच्या वर ओढायचं आणि त्यावर एक दगड ठेवायचा. झालं, ते तुमचं. मग ते वर्षानुवर्षं तिथे पडलं तरी दुसरा कुणी हात लावणार नाही. स्कारविकमध्ये घरांना कुलपं नाहीत, शेजाऱ्याची बोट न विचारता नेली तरी कुणी काही म्हणत नाही. पण दगड ठेवलेलं लाकूड उचलणारा माणूस त्या गावात तोवर जन्मलेला नव्हता.

मला वर ओढलं ते ऑस्लानं. चाळिशीची, लाल गालांची, खणखणीत आवाजाची बाई. एप्रिलमधल्या एका सकाळी ती आपलं बुटकं टट्टू घेऊन आली. दोर बांधून तिनं मला वर ओढलं, दगड ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "हे बघ, तू माझ्या आगटीवर बसायचंस. घड्याळ आणि चिनी मातीचे दोन कुत्रे सांभाळायचेस. आणि यातलं अवाक्षर कुणाला बोलायचं नाही."

हे शेवटचं मला बजावायची काही गरज होती का?

इथे प्रत्येक घरात भिंतीत बांधलेली आगटी असते, तिच्यावर एक जाड फळी असते आणि त्या फळीवर घराची अब्रू मांडलेली असते. ऑस्लाच्या घरातली जुनी फळी किडली होती. "नवी बसवतो," म्हणून लग्नानंतर आठवड्याभरातच नवऱ्यानं ती काढून टाकली. त्याला आता अठरा वर्षं झाली. तेव्हापासून घड्याळ जमिनीवर, शेजारी दोन कुत्रे. वेळ बघायची तर कमरेत वाकावं लागे. ऑस्लाची थोरली बहीण मेरन शहरात राहायची आणि तिच्याकडची फळी संगमरवरी होती. दर नाताळला ती यायची आणि दारातूनच विचारायची, "काय गं, घड्याळ अजून रांगतंच आहे का?" पुढचे चार दिवस ऑस्लाला जेवण गोड लागायचं नाही.

नवऱ्याचं नाव गिबी. तो आळशी होता असं समजू नका. आळशी माणूस परवडला, तो निदान कधीतरी लाजून कामाला लागतो. गिबीला फळी बसवायचीच होती, पण गावात नसेल अशी, आणि त्यासाठी त्याला अचूक नकाशा हवा होता. पाद्रीबाबांकडे चहाला गेला तरी याची नजर त्यांच्या आगटीवर. एकदा एका म्हाताऱ्याच्या मयताला गेला. सगळे डोळे मिटून प्रार्थना करताहेत आणि हा हळूच विती टाकत त्यांची फळी मोजतोय. विधवा बाईंनी डोळे उघडले तर हा दोन्ही हात पसरून भिंतीला चिकटलेला. बिचारीला वाटलं, दुःख अनावर झालंय. तिनं त्याला आपल्या हातानं व्हिस्की पाजली.

नकाशे किती? एकेचाळीस. काही मासिकांतून कापलेले, काही भिंतीच्या कागदामागे काढलेले, तर एक मेंढ्यांच्या जंताच्या औषधाच्या खोक्यावर.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं विचाराल. अहो, दोघंही येऊन मलाच सांगायचे! ऑस्ला सकाळी यायची, गिबी संध्याकाळी. दोघं एकत्र कधी आले असते तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

ऑस्ला म्हणायची, "नकाशा पुरा झाला असं त्यानं एकदा म्हणू दे, की मी लाकूड दाखवते. आधी दाखवलं तर तुझ्यासाठी बेचाळिसावा नकाशा सुरू होईल."

आणि गिबी? तो संध्याकाळी माझ्यावर बसायचा, मला विती टाकून मोजायचा आणि उसासे सोडायचा. "हातात लाकूड आल्याशिवाय नकाशा पुरा होणार कसा? आणि लाकूड असावं तर असं. काय सरळ आहेस रे! कोण तो भाग्यवान, ज्यानं तुझ्यावर दगड ठेवलाय?"

तुझीच बायको, गाढवा! मी मनातल्या मनात ओरडायचो. आम्हा वस्तूंचं नशीबच असं. अख्खं आत्मवृत्त सांगता येतं, पण वेळेवर एक शब्द बोलता येत नाही.

एकदा गिबीनं शेजारच्या एर्टीला विचारून पाहिलं. एर्टी म्हणजे उन्हाळ्यात मासे आणि बारा महिने गंमत पकडणारा माणूस. ऑस्लानं मला ओढलं तेव्हा तो खडकामागे गळ टाकून बसला होता, सगळं त्यानं पाहिलं होतं.

"एर्टी, हा ओंडका कुणाचा रे?"

"ज्यानं ओढला त्याचा."

"ते मलाही कळतं. पण ओढला कुणी?"

"ज्याचा आहे त्यानं."

"अरे, नाव सांग ना!"

"नाव कशाला? विकत मागणार आहेस? लाज नाही वाटत, दगड ठेवलेल्या लाकडावर डोळा ठेवायला?"

गिबी कानापर्यंत लाल झाला आणि पुन्हा त्यानं कुणाला विचारलं नाही. एर्टी मात्र खडकामागे जाऊन पोट धरून हसला. मी पाहिलंय.

असा उन्हाळा गेला. मेंढ्या माझ्यावर पाठ खाजवून गेल्या. समुद्रपक्ष्यांनी जे केलं ते लिहिण्यासारखं नाही. डिसेंबर उजाडला आणि एका सकाळी ऑस्ला आली ती डोळे पुसतच.

"संपलं," ती म्हणाली. "मेरन पंधरा दिवसांत येतेय. काल मी त्याला विचारलं, फळीचं काय? तर म्हणतो, कोपऱ्याला गोलाई द्यावी की नाही, याचा विचार चाललाय. अठरा वर्षं गोलाईचा विचार! मी कॅटलॉगमधली तयार फळी मागवते. प्लास्टिकची. खाली लाल दिवा, विस्तवासारखा लुकलुकणारा. फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय, सोमवारच्या बोटीनं जाईल." मग तिनं माझ्यावर हात ठेवला. "तुझे आता कुंपणाला खुंट करते. दुसरं काय करू, बाबा?"

खुंट! मेंढ्यांच्या कुंपणाला! सव्वाशे वर्षं ताठ उभं राहून, महासागर ओलांडून, शेवटी खुंट! मला तेव्हा खरंच रडू आलं. तुम्हाला तो डिंक वाटला असता.

तो शनिवार होता. रविवारी प्रार्थनेला अख्खं गाव चर्चमध्ये जातं. गिबीनं त्या दिवशी पोटात कळ आल्याचं सोंग केलं. सगळे आत गेले, पहिलं भजन सुरू झालं, आणि वाळूत टापांचा आवाज आला. गिबी टट्टू घेऊन माझ्यापुढे उभा होता. चेहरा पांढराफटक. टोपी काढून तो मला म्हणाला, "माफ कर. तू कुणाचा आहेस मला माहीत नाही. पण माझी बायको परवा रात्री फॉर्म भरताना रडत होती."

मग त्यानं डोळे मिटले, माझ्यावरचा दगड उचलला आणि हळूच बाजूला ठेवला. मला दोर बांधला. टट्टूला माझी ओळख होतीच, ते जोरात निघालं. वाळूतून, गवतातून, पाद्रीबाबांच्या बटाट्यांच्या वाफ्यातून आणि शेवटी गिबीच्या गोठ्यात. आत जाताच त्यानं दार लावलं, करवत काढली आणि घाईघाईनं कापायला सुरुवात केली. लक्ष दाराकडे इतकं होतं की करवत पहिल्या दोन वेळा माझ्याऐवजी बाकावरच चालली.

चोर नवशिका होता. माझ्या वजनाचा ओंडका ओढला की मागे केवढी चारी पडते, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

प्रार्थना संपली, लोक किनाऱ्याच्या वाटेनं परतू लागले, आणि मला थेट गोठ्यात ऑस्लाचा आवाज ऐकू आला.

"माझा ओंडका! कुणी नेला माझा ओंडका?"

गिबीची करवत थांबली. माझा? म्हणजे कुणाचा? त्याला काही उमगायच्या आत आवाज जवळ येऊ लागला. पुढे छत्री उगारलेली ऑस्ला, मागे रविवारच्या टोप्या घातलेलं सगळं गाव, त्यात पाद्रीबाबाही. सगळे त्या चारीच्या मागोमाग चालत होते.

"असा रविवारी चोरी करणारा मेला सापडू दे," ऑस्ला ओरडत होती, "त्याच्या बायकोची मला कीव येते! कुठल्या घरात असला माणूस पोसतात, बघतेच मी!"

"बघ, बघ," एर्टीचा आवाज आला. "चारी आता फाटकातून आत वळली. हे कुणाचं बरं फाटक?"

गोठ्याचं दार उघडलं. गिबी माझ्यावर घोड्यावर बसावं तसा बसला होता, हातात करवत, केसांत भुसा.

"मी चोरलाय," तो म्हणाला. "कुणाचा आहे माहीत नाही. फळी बसवून झाली की उद्या घरोघर जाऊन विचारणार होतो आणि कबूल करणार होतो."

"माझा आहे," ऑस्ला म्हणाली.

"तुझा? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू नकाशा दाखवला असतास तर बोलले असते!"

"तू लाकूड दाखवलं असतंस तर नकाशा..."

एर्टीनं तोंडात हातमोजा कोंबला. ऑस्लाची छत्री अजून वरच होती. ती काय करणार, हे गावाला कळेना आणि मलाही कळेना.

"नकाशा कुठाय?" तिनं विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे? एकेचाळीस आहेत की!"

"आत आहेत. आणायला वेळ नव्हता." गिबीनं मान खाली घातली. "नुसतंच कापायला लागलो. गोलाईचंही काही ठरवलं नाही."

ऑस्लाची छत्री हळूहळू खाली आली. या माणसानं आजवर दुसऱ्याच्या कुंपणाचा वाकडा खिळासुद्धा उचलला नव्हता, हे ती जाणून होती. ती माझ्यावर, त्याच्या शेजारी, रविवारच्या चांगल्या कोटासकट बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "करवतीचं दुसरं टोक दे इकडे."

पाद्रीबाबा खाकरले. "ऑस्ला, आज रविवार आहे. आज काम वर्ज्य."

"मग तुम्ही डोळे मिटा, पाद्रीबाबा. आमच्यासाठी दोन शब्द प्रार्थना करा. लांबलचक करा, बुंधा जाड आहे."

तर असा मी आगटीवर चढलो. माझा उरलेला भाग गोठ्याचा दरवाजा झाला. तो स्वतःला माझ्यापेक्षा मोठा समजतो, म्हणून आमचं बोलणं नाही. नकाशाशिवाय बसवल्यामुळे मी डावीकडे वीतभर कमी पडलो आणि उजवीकडे चांगलाच कललो. खालून ऊब येते, दोन वर्षांचं समुद्राचं पाणी हळूहळू अंगातून निघून जातं, आणि अधूनमधून मी कडकन मोडल्यासारखा आवाज करतो. पाहुणे दचकतात. मला मजा येते.

नाताळला मेरन आली. दारातच थबकली. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली.

"ऑस्ला," ती म्हणाली, "ही फळी चक्क तिरकी आहे गं."

"असणारच," ऑस्ला म्हणाली. "चोरीचा माल आहे. माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी भर रविवारी चोरून आणलाय. तुझ्या नवऱ्यानं आणलंय का कधी तुझ्यासाठी काही चोरून?"

चार दिवस मेरननं माझ्याकडे पाहायचं टाळलं.

सव्वाशे वर्षं ताठ उभा होतो, पण इतका रुबाब मला कधीच नव्हता. म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्यापैकी कुणाला सुतारकाम येत असेल तर येऊन आमच्या आगटीशी चहा प्या, मीठ लावलेल्या मटणाचं सूप प्या, मनसोक्त बसा. फक्त ती तिरकेपणा दाखवणारी पाणसळ तेवढी घरी ठेवून या.